घाटावरची कृष्णी

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर
श्रावणी सोमवार, २२ ऑगस्ट २००५

चि. सौ. रत्नव्वास,

मायन्यापाशीच दहा मिनिटं बसून राहिले. पूर्वी नुसतं 'रत्ने' लिहीत होते. आता ते शोभायचं नाही, आणि 'सप्रेम नमस्कार' लिहिला तर विम्याचं पत्र वाटेल. तेव्हा वर लिहिलंय ते राहू दे.

पेपरात कुरुंदवाडचे फोटो बघितले. एकात देवळाचा नुसता कळस पाण्यावर होता. यांनी तुमच्या बाळाप्पांच्या दुकानाचा नंबर चार दिवस फिरवला, लागला नाही. परवा लक्ष्मीपुरीतल्या अडत्याकडून कळलं, की घर गळ्याइतकं बुडालं पण माणसं सगळी सुखरूप आहेत. आज देवीची ओटी भरून आले. काय काय वाहून गेलं ते मी विचारत नाही.

पण हे पत्र पुरासाठी नाही. आपल्या गल्लीतल्या धोंडुबाईंसाठी आहे.

आषाढी एकादशीला त्या मोरीत घसरल्या. मांडीचं हाड मोडलंय. सून कामाला जाते, म्हणून दुपारची मी जाऊन बसते. म्हातारीला लिहायवाचायला येत नाही पण ऐकायला लागतं. मला म्हणाल्या, "ते आपलं जुनं वाच की, चांदणवाडीचं." मग माळ्यावरनं वह्या काढल्या.

पहिल्याच पानावर आपली दोघींची अक्षरं. १९९२ साली ते साप्ताहिक बंद पडलं आणि 'चांदणवाडीची सून' अर्ध्यात राहिली. तेव्हा गल्लीतल्या बायका नळावर अशा हळहळत होत्या, जणू कुणाची मुलगी सासरी जाता जाता वाटेत थांबलीय. तू तेव्हा माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होतीस. तूच म्हणालीस, "अक्का, लेखक थांबला म्हणून आपुन कशाला थांबायचं?" एक भाग तू, एक भाग मी. तुम्ही कुरुंदवाडला गेलात तरी बाळाप्पा सोमवारच्या बाजाराला येताना वही आणायचे आणि न्यायचे. त्यांना तीन वर्षं वाटत होतं की पापडाची मापं लिहिलेली वही आहे.

तर वाचत वाचत एकतिसाव्या भागाला आलो. तो तुझा. थोरल्या वहिनीची नणंद कृष्णी, नवऱ्यानं टाकलेली, लेकीला हाताशी धरून आणि घागर कमरेवर घेऊन नदीला निघते. उंबऱ्यात म्हणते, "येते, वहिनी." घाटावर जाते आणि एका धनगराबरोबर वर निरोप देते, की थोरल्या वहिनीला म्हणावं, पलीकडं जायचंय, होडी धाड.

बत्तिसावा माझा. त्यात डोहाळजेवण आहे. एकवीस पदार्थ.

तेहतिसावा नाही.

वाचून झाल्यावर धोंडुबाईंनी वही मिटायला सांगितली. पुढं पंचगंगा चढली, शिवाजी पुलाकडं माणसं पाणी बघायला लोटली. तेव्हा त्यांनी विचारलं, "अंबू, पाणी कुठवर आलं?" मी आपलं गावातलं सांगितलं. तर म्हणतात, "ते न्हवं गं. घाटावर आलं असंल नव्हं? पोरीला घिऊन उभी हाय ती."

मला हसू आलं नाही.

माझी सवय तुला ठाऊक आहे. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी कथेतल्या माणसांची यादी ठेवली होती, कोण कितव्या भागात आलं आणि कुठं गेलं. एक्केचाळीस माणसं आणि दोन बैल. बैलसुद्धा मार्गी लागलेत. फक्त कृष्णीपुढं कोरं आहे.

मी विसरले, म्हणून राहून गेलं. तू तेव्हा काय योजलं होतंस ते दोन ओळींत कळव, म्हणजे म्हातारीला झोप लागेल.

तुझी,
अंबूबाई

॥ श्री ॥

कोल्हापूर
सोमवार, ५ सप्टेंबर २००५

चि. सौ. रत्नव्वास,

उत्तर नाही. पोस्ट अजून सुरळीत झालं नसेल असं समजून दुसरं लिहिते.

मध्यंतरी मीच कृष्णीला परत आणायचा प्रयत्न केला. धोंडुबाईंना वाटलं होतं पत्र आलं, मी पण तसंच वाटू दिलं. पहिल्यांदा लिहिलं, की थोरल्या वहिनीला निरोपच पोचला नाही, धनगर वाटेत झोपला. म्हातारी म्हणाली, "धनगरावर कशाला ढकलतीस? तुझ्याच भागात तो डोहाळजेवणाला जेवलाय की." खरंच. मीच त्याला पंगतीत बसवला होता, आठव्या ओळीत.

दुसऱ्यांदा लिहिलं, की कृष्णी रात्रीच माघारी आली आणि मागच्या परड्यातल्या दारानं आत शिरून निजली. तर म्हणाल्या, "ही कृष्णी न्हवं. ही तूच हाईस, लुगडं बदलून."

तिसरं लिहिलेलं मी वाचलंच नाही. त्यात मी तिला नदीत घातलं होतं. कागद चुलीत टाकला, आणि गॅसवर स्वयंपाक असताना मुद्दाम चूल पेटवावी लागली.

मागच्या पत्रात विसरले म्हणाले ते तितकंसं बरोबर नव्हतं. बत्तिसावा भाग लिहिताना वहीची पानं संपत आली होती. नवी वही जूनच्या आधी घ्यायची नाही असं ठरवलेलं, तुला ठाऊक आहे माझं. एकवीस पदार्थांत जागा गेली आणि कृष्णीचं राहिलं. असं झालं.

त्या जूनमध्ये वही न्यायला बाळाप्पा आले नाहीत, तू स्वतः आलीस. तुझी सौंदर्या बरोबर होती, दहावीचा निकाल नुकताच लागला होता. गुणपत्रिका तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली होती आणि छातीशी धरून बसली होती. तू बाहेर सोप्यावर बसून माझा भाग वाचलास. चहा अर्धा ठेवलास. वही तशीच ठेवून उठलीस आणि म्हणालीस, "जातो, अक्का."

आपल्यात कुणी असं म्हणतं का? चुलत्याच्या मयताला जाणारी बाईसुद्धा उंबऱ्यात 'येतो' म्हणते. मला वाटलं, घाईत निघालीस, तोंडातनं गेलं असेल. गेली दहा वर्षं मी तेच धरून बसले.

गणपती दोन दिवसांवर आलेत. पीठ दळून आणायचंय. पुरे करते.

अंबूबाई

॥ श्री ॥

कोल्हापूर
गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी

रत्नव्वा,

तुझं कार्ड मिळालं. धोंडुबाईंना तीनदा वाचून दाखवलं. "कृष्णी घाटावर नाही. पूर यायच्या कितीतरी आधी पलीकडे गेली. धोंडाक्कांस काळजी करू नये म्हणून सांगणे. बाकी विचारू नये."

म्हातारीनं हात जोडले. मग म्हणाली, "गेली कशी पण? होडी कुणी धाडली?"

मी म्हटलं, बाकी विचारू नये असं लिहिलंय.

"मग तुला विचारतो. तू का धाडली न्हाईस?"

कथेतल्या बाईबद्दल विचारत होती का माझ्याबद्दल, ते मला कळलं नाही. तिला कळत असावं. घरी येऊन मी यांना विचारलं. पंच्याण्णव साली रत्नव्वाची मुलगी कॉलेजसाठी आपल्याकडं ठेवायची म्हटली असती, तर तुम्ही काय म्हणाला असता? हे पेपर वाचत होते. दहा वर्षं मी मनात धरून होते, की यांना परकी मुलगी घरात चालली नसती. तूही तसंच समजली असशील. हे म्हणाले, "वरची खोली रिकामीच हुती की. मला कवा विचारलंस?" आणि पान उलटलं.

तर आता खरं लिहिते. जागा संपली नव्हती. वही आजच बघितली, मागं चार पानं कोरी आहेत.

मी एकतिसावा भाग पहिल्या वाचनातच ओळखला. कृष्णी म्हणजे तू, लेक म्हणजे सौंदर्या, होडी म्हणजे माझी वरची खोली. बाळाप्पा वसतिगृहाला नाही म्हणत होते, पण अक्काच्या घरी असली तर नाही म्हणाले नसते. तुला तोंडानं मागवेना म्हणून वहीत मागितलंस. आपण दोघी सगळं वहीतच बोलायचो. दुसऱ्या कुणाला ते कळलं नसतं, आणि मला कळलं नाही असं होणंच शक्य नव्हतं.

मी शाहूवाडीच्या डोंगरातली. बासष्ट साली मॅट्रिक झाले तेव्हा आमच्या सगळ्या वाडीत मी एकटी पोरगी पास. माझे मामा कोल्हापुरात होते, दोन खोल्यांचं घर होतं त्यांचं. माझ्या आईनं त्यांच्याकडं तांदळाचं पोतं धाडलं आणि निरोप धाडला. पोतं ठेवून घेतलं. निरोपाचं उत्तर आलं नाही. पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं.

तुझा भाग वाचला तेव्हा मला सौंदर्या दिसायला हवी होती. मला पोतं दिसलं. मनात आलं, मला कुणी होडी धाडली होती? मग मीच का धाडावी? आणि बसून एकवीस पदार्थ लिहिले. लिहिताना इतकं छान वाटत होतं रत्ने, की पुरणपोळीवर तूप पडलेलं सुद्धा मी दोनदा लिहिलं.

पुढं ऐकलं की सौंदर्याचं लग्न ठरतंय. त्यानंतर मी कुरुंदवाडची बातमी कुणाला विचारली नाही.

हे सगळं मी धोंडुबाईंना सांगितलं. दुसरं कुणाला सांगणार? वाटलं रागावतील. त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या, "त्र्यंबोलीचं ठाव हाय नव्हं तुला?"

कोल्हापुरात राहून ते कुणाला ठाऊक नाही? राक्षस मारायला त्र्यंबोलीनं अंबाबाईला मदत केली. आणि विजय झाल्यावर सगळ्यांना जेवण घातलं, तेव्हा हिलाच बोलवायची राहिली. ती रुसली, टेंबलाईच्या टेकडीवर जाऊन गावाकडं पाठ करून बसली. म्हणून दर ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेकडीवर जाते आणि तिच्यापुढं कोहळा फुटतो.

"जेवणं तुझी पण झाली," धोंडुबाई म्हणाल्या. "एकवीस पदार्थांची. अंबाबाई देवी असून तिला सुटलं न्हाय, उठून जावंच लागलं. तू पत्रं कसली धाडतीस?"

मी गेली चौतीस वर्षं ललिता पंचमीला टेकडीवर जाते. पालखी एकदाही चुकवलेली नाही. या वर्षी चुकवणार आहे. दुपारच्या एसटीनं येते. तू दार उघडलं नाहीस तर पायरीवर कोहळा ठेवून पाचच्या गाडीनं परत जाईन.

येऊ नको असं कार्ड टाकायचं असेल तर अजून वेळ आहे.

अंबू

॥ श्री अंबाबाई त्र्यंबोली प्रसन्न ॥

कोल्हापूर
आश्विन शुद्ध षष्ठी, शके १९२७

रत्ने,

काल तू होतीस, मी होते, मग हे पत्र कशाला, असं म्हणशील. पण तू दाराकडं पाठ करून बसली होतीस. मला तू बघितलंस ते शेवटी, त्याआधीचा अर्धा तास तुला ठाऊक नाही. आणि या पत्राची नक्कल मी वहीच्या त्या चार कोऱ्या पानांवर उतरून घेणार आहे. तेहतिसावा भाग म्हणून.

कोहळा टॉवेलात बांधून कमरेवर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, "मावशी, त्याचं अर्धं तिकीट काढा." कुरुंदवाडला उतरून तुमची गल्ली विचारायची गरज पडली नाही. पुराची रेघ प्रत्येक घरावर होती, माझ्या खांद्याच्या वर, तीच धरून आले. तुमच्या भिंतीवर ती रेघ आहे, त्याच्याखाली नवा चुना, वर जुना.

सोपा बायकांनी भरलेला. पंचवीस-तीस तरी असतील, शेंगा फोडत बसलेल्या. मला वाटलं नवरात्राचं भजन आहे. मग तुझा आवाज आला. वाचत होतीस.

मी दारातच थांबले. वाटलं होतं कृष्णीचं पुढचं मी लिहिलं नाही म्हणजे ती जगातनं पुसली गेली. आणि तू भाग एकशे अठरावा वाचत होतीस. एकशे अठरा, रत्ने. माझ्याशिवाय. कृष्णीच्या स्वतःच्या तीन होड्या झाल्या होत्या, ती उतारू नेत होती. पाटलाला उतरवून ठेवून बाळंतीण आधी नेत होती, आणि पाटील पाण्यात पाय सोडून काठावर बसला होता. बायका शेंगा फोडायच्या थांबल्या होत्या.

एक बाई म्हणाली, जांभळ्या लुगड्यातली, दात पुढं असलेली, "ते सगळं खरं. पण ती थोरली वहिनी? हिला होडी न धाडलेली. तिला मारून टाक की एकदा. पटकी तरी येऊ दे तिला."

सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस, मी मागून बघत होते, तुझे खांदे हलले नाहीत.

"ती मरायची न्हाय," तू म्हणालीस. "ती खिडकीत उभी हाय. तिचं मी लिहिणार न्हाय. ती अक्काची हाय, अक्का येऊन लिहील."

"दहा वर्षं हेच सांगतीस. आणि आलीच न्हाय तर?"

"तर खिडकी उघडी ऱ्हाईल."

मी तिथंच दाराच्या चौकटीला टेकले. तू विसरायला मोकळी होतीस. मी तुझ्या माणसाला घाटावर सोडलं, आणि तू माझ्या माणसाची खिडकीसुद्धा लावली नाहीस.

मी म्हणाले, "आलो."

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. तू मान वळवलीस. आधी माझ्याकडं नाही, कोहळ्याकडं बघितलंस. म्हणालीस, "एवढा मोठा? दोन माणसांत झाला असता की." मग बायकांकडं वळून, "हीच ती. होडी न धाडलेली." जांभळ्या लुगड्यातलीनं पदर तोंडावर घेतला, आणि पदराआडनंच म्हणाली, "बसा की पावणं."

मी बसले नाही. येताना एसटीत सगळं पाठ केलं होतं, त्यातलं एवढंच आलं, "रत्ने, मी विसरलो नव्हतो. मला कळलं हुतं."

"मला ठाव हाय," तू म्हणालीस. "तुझ्या घरातनं कधी मिरी हरवली न्हाय. माणूस कसा हरवंल?"

तू पाट पुढं सरकवलास, म्हणून बसले. मग मी खोलीचं काढलं. म्हणाले, वरची खोली अजून रिकामी आहे, सौंदर्याला पुढं काही शिकायचं असेल, तिच्या मुलांना शिकायचं असेल, कधीही. तू इतकी हसलीस की पुढ्यातल्या शेंगा सांडल्या. तेवढ्यात दारात पांढऱ्या साडीतली बाई चपला काढत होती. मी ओळखलं नाही. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा ओळखलं, कारण पिशवी तशीच छातीशी धरली होती.

तिचं लग्न ठरत होतं हे खरं होतं. तूच मोडलंस म्हणे. पहिला महिनाभर एसटीनं तिच्याबरोबर मिरजेला गेलीस, नर्सिंगच्या शाळेच्या पायरीवर बसून राहिलीस, संध्याकाळी घेऊन आलीस, तोवर बाळाप्पा बोलून बोलून दमले. दुसऱ्या महिन्यात त्यांनीच पास काढून आणला. आणि या पुरात हीच सौंदर्या फौजेच्या होडीत बसून गल्लीगल्लीतनं बाळंतिणी काढत होती, आणि वह्यांचा डबा तिनंच डोक्यावरनं बाहेर आणला. पाटील खरंच काठावर बसला होता का, ते मी विचारलं नाही.

मी फक्त धोंडुबाईंचं विचारलं. "रत्ने, पण कृष्णी पलीकडं गेली कशी? होडी तर आली न्हाय."

तू असं बघितलंस जणू मी भाकरी कशी थापायची ते विचारलं. "होडी कशाला? घागर हुती की तिच्याजवळ. पालथी घातली छातीखाली, लेकीला पाठीवर बांधलं, आणि गेली."

घागर. एकतिसाव्या भागात कमरेवर घेऊन ती निघाली होती. मी शंभर वेळा वाचलं. मला ती पाण्यालाच निघालेली वाटत होती.

मग कोहळ्याचं आलं. आख्ख्या कोहळ्याला बाईनं कोयता लावायचा नसतो, आधी पुरुषानं चिरून द्यायचा. बाळाप्पा दुकानात. एक म्हणाली, त्यांना हाक मारा. दुसरी म्हणाली, राहू दे, उद्या चिरू. तू उठलीस आणि म्हणालीस, "टेंबलाईवर कोण फोडतं? कुमारिका. आमच्यात हाय की कुमारिका, सव्वीस वर्षांची. सौंदर्या, कोयता आण."

तिनं पदर खोचला. पांढऱ्या साडीवर एक डाग न पडू देता एका घावात दोन तुकडे केले. टेकडीवर कोहळ्याच्या तुकड्यासाठी माणसं तुटून पडतात, तुझ्या सोप्यावर त्याहून कमी झालं नाही. मला चौतीस वर्षांत टेकडीवर कधी फोड मिळाली नव्हती. काल मिळाली. जांभळ्या लुगड्यातलीनं आपल्या हातातली अर्धी मोडून दिली, पटकी मागितल्याबद्दल.

आणि मग त्या म्हणाल्या, आता लिहा. मी म्हटलं, घरी जाऊन लिहिते. कुणी ऐकेना. एक म्हणाली, रत्नव्वा सांगते की अक्कासारखं जेवण कुणी लिहीत नाही, आम्ही महिनाभर छावणीत खिचडी खाल्लीय, जेवणच सांगा. म्हणून मी तोंडानं सांगितलं. थोरल्या वहिनीनं खिडकी लावली. एकवीस पदार्थ परत रांधले, एकेक सांगितला. कटाच्या आमटीला एकजण 'अगं बाई' म्हणाली, पुरणपोळीला सगळ्या गप्प. सगळं टोपल्यात भरलं, डोक्यावर घेतलं, घाटावर आली. पाणी चढलेलं. पलीकडं तीन होड्या बांधलेल्या दिसतात. हिच्याजवळ घागरसुद्धा नाही. तेव्हा थोरली वहिनी हात तोंडाशी नेऊन हाक मारते.

"कृष्णे, होडी धाड."

इथं मी थांबले. पुढं मला लिहिता येत नव्हतं, कारण कृष्णी तुझी. सगळ्यांनी तुझ्याकडं बघितलं. तू शेंगांची टरफलं सुपात गोळा करत होतीस. सगळी गोळा केलीस. एकही ठेवलं नाहीस.

"धाडली," तू म्हणालीस.

रत्ने, दसऱ्याला अजून चार दिवस आहेत, पण त्या सोप्यावर बायकांनी जो गलका केला, तेवढा दसरा चौकात सोनं लुटताना सुद्धा होत नाही. बाळाप्पा दुकानातनं धावत आले, त्यांना वाटलं परत पाणी आलं.

पाचची गाडी चुकली. सातची मिळाली. आज सकाळी धोंडुबाईंना सगळं सांगितलं. घागरीचं ऐकून म्हणाल्या, "मला वाटलंच. रिकामी घागर घिऊन निघालेली बाई बुडत न्हाय." मग डोळे मिटले. मी समाधानानं उठले, यादीची वही उघडली आणि कृष्णीपुढं लिहिलं: पलीकडे पोचली. एक्केचाळीस माणसं, दोन बैल, सगळी मार्गी.

"अंबू," मागनं आवाज आला, "आणि त्यो कासार?"

कुठला कासार, मी म्हटलं.

"चौथ्या भागातला. नवरीच्या उजव्या हातात बांगड्या भरल्या, आणि मधेच तू लग्नाच्या तोफा उडवल्यास. डावा हात अजून मोकळाच हाय तिचा. लग्न झालं, दोन पोरं झाली, डाव्या हातात बांगडी न्हाय."

बघितलं. खरं आहे. त्याला नावच दिलं नव्हतं, म्हणून माझ्या यादीत आला नाही. बारा वर्षं तो पेटी उघडून बसलाय.

काल तुझ्या उंबऱ्यातनं निघताना मी "येतो" म्हणाले. तू "बरं" म्हणाली नाहीस. "कधी?" म्हणालीस. गाडीच्या घाईत उत्तर द्यायचं राहिलं.

पुनवेला येते. कासाराला घेऊन येते.

तुझी,
अंबू